काळ्या खडकाखालचं तांबडं

सरकारी नोकरीत काही लोक काम करतात आणि काही लोक दुसऱ्यांचं काम थांबवतात. मी तीस वर्षं दुसऱ्या गटात होतो, फरक एवढाच की माझी नेमणूकच त्यासाठी झाली होती. कागदोपत्री माझा हुद्दा 'क्षेत्र सहायक' असा भारदस्त होता. प्रत्यक्षात मी गावोगाव जायचो आणि चालतं गाव दोन मिनिटं बंद पाडायचो. जातं, मोट, घण, गुऱ्हाळ, तालीम, शाळेची कवायत, जे जे हलतं ते ते थांबवायचं आणि लाल निशाण खाली आलं की पुन्हा चालू करायला सांगायचं. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "आता निदान घरातलं तरी काही चालू राहू द्या."

संपादकांनी मला 'भूगर्भातले अनुभव' लिहायला सांगितलं आहे. मी भूगर्भात एकदाही उतरलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी वर उभा राहून लोकांना गप्प करत होतो.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सातारा जिल्ह्यात धरणं, तलाव, पूल कुठे बांधता येतील याचा शोध सुरू झाला होता आणि त्यासाठी आमचं पथक निघालं होतं. लढाईतून उरलेली एक लॉरी, तिच्यात एक यंत्र, आठ खलाशी म्हणजे सामान वाहणारे गडी, मी, आणि पथकाचे प्रमुख करंदीकर साहेब. साहेब विलायतेत शिकून आले होते. स्वभावानं गरीब, बोलायला अतिशय जपून. 'आहे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी फारसा ऐकला नाही, ते नेहमी 'दिसते' म्हणत. तंबूत जेवायला बसले तरी म्हणायचे, "आमटीत मीठ कमी दिसते." यंत्राजवळ ते चवड्यांवर चालत. पुढे ती सवय इतकी जडली की साताऱ्याच्या बाजारपेठेतही ते चवड्यांवरच चालायला लागले.

धंदा काय होता ते सांगतो. हातभर खोल भोक पाडायचं आणि त्यात सुरुंग ठेवायचा. तिथून एका सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर बारा डब्या जमिनीत रोवायच्या. या डब्यांना आम्ही कान म्हणायचो. प्रत्येक कानाची तार लॉरीतल्या यंत्रात जायची. सुरुंग उडाला की हादरा जमिनीतून धावत सुटायचा आणि ज्या कानापर्यंत पोचेल त्या कानाची रेघ फोटोच्या कागदावर उसळी मारायची. कोणत्या कानाला किती वेळानं हादरा पोचला, एवढंच आम्हाला बघायचं असे. भूकंपाचं शास्त्र तरी दुसरं काय असतं? आम्ही आपला भूकंप घरगुती करायचो.

आता जमीन सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे हादराही सगळीकडे सारखा धावत नाही. काळ्या मातीतून तो रेंगाळत जातो, मुरमातून बऱ्या चालीनं जातो आणि काळ्या पाषाणातून सुसाट सुटतो. मी वाईचा, चिखलाच्या पाणंदी तुडवत वाढलेला, त्यामुळे कुणी विचारलं तर असं सांगायचो: समजा पावसाळ्यात दोन माणसं निघाली. एक बैलगाडीतून चिखलाच्या पाणंदीनं सरळ निघाला आणि दुसरा सायकलवर थोडा वळसा घालून पक्क्या सडकेला लागला. जवळच जायचं असेल तर गाडीवाला आधी पोचेल. लांब जायचं असेल तर वळसा घालूनही सायकलवालाच आधी पोचेल. हादराही तसाच खाली उतरून खडकाची सडक पकडतो, तिच्यावरून धावतो आणि पुन्हा वर येऊन आमचा कान हलवतो. कितव्या कानापासून सायकलवाला जिंकायला लागला हे समजलं की सडक किती खोल आहे हे गणितानं काढता येतं. न खणता पाया सापडतो.

फक्त त्या कानांना सुरुंग आणि म्हैस यांतला फरक कळत नसे. अर्ध्या मैलावर म्हशीनं अंग झटकलं तरी बाराच्या बारा रेघा नाचायच्या. म्हणून मी.

सांगलीजवळ कृष्णाकाठी आमची पहिली मोठी रेषा होती. तिथे इतकी खोल काळी माती की हादरा पोचेपर्यंत साहेबांनी दोनदा यंत्राच्या घड्याळाकडे बघितलं. पण रेघा सुरुंगाच्या आधीपासूनच थरथरत होत्या. शोधत गेलो तर शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ. बैल चरक फिरवतायत, काहिलीत रस उकळतोय आणि गुळव्या घामाघूम होऊन ढवळतोय. मी म्हटलं, दोन मिनिटं सगळं थांबवा.

"आवं, काहील रंगात आलीया," गुळव्या म्हणाला. "दोन मिंटात काकवीचा गूळ हुतुया आन गुळाचा कोळसा. पाक काय तुमची वाट बघंल व्हय?"

शेवटी तह झाला. चरक थांबेल, ढवळणं थांबणार नाही. बैल सोडले, सुरुंग उडाला, कागद झकास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळव्या गुळाचा मोठा खडा घेऊन तंबूवर हजर. "लय ब्येस गूळ पडला काल. धक्क्यानं बसला जनू. आज कवा उडवताय?" आम्ही तिथे आठ दिवस होतो. रोज तो सुरुंगाच्या वेळेला काहील तयार ठेवायचा आणि आम्हाला उशीर झाला तर माणूस पाठवायचा.

दुसरी अडचण हद्दींची. तेव्हा त्या भागात इंग्रजी मुलूख आणि संस्थानांचा मुलूख गोधडीतल्या ठिगळांसारखा एकमेकांत शिवलेला होता. एकदा आमचा सुरुंग सातारा जिल्ह्यात होता आणि शेवटचे तीन कान ओढ्यापलीकडे. ते गाव एका संस्थानाचं निघालं. संस्थानचे कामगार, म्हणजे तिथले अंमलदार, पागोटं सावरत आले. कान उपटून घ्यायला मी तयार झालो, पण त्यांचं समाधान होईना.

"कान राहू देत," ते म्हणाले. "पण तुमचा धक्का आमच्या हद्दीतून गेला, त्याचा परवाना कुठे आहे?"

साहेबांनी फार विचार करून सांगितलं की धक्का बराच खोलातून गेल्यासारखा दिसतो. त्यावर कामगारांनी विचारलं की संस्थानची हद्द किती खोल समजायची, याचा काही सरकारी ठराव आहे काय. असा ठराव नव्हता. दोघेही सज्जन असल्यानं प्रश्नाच्या गांभीर्यात बुडून गेले आणि त्या वेळात मी तीन कान आणि तारा गोळा करून ओढा ओलांडला.

आणि ती तालीम. कराडच्या पलीकडे एका गावात आमच्या रेषेजवळच तालीम होती आणि पन्नास पैलवान बैठका मारत होते. थांबवायला गेलो तर वस्ताद रागावण्याऐवजी खूश झाले. आपल्या बैठका सरकारी यंत्राला जाणवतात, हा त्यांना मोठा मान वाटला. "मग आमच्या हौशाची उडी कागदावर घ्या," ते म्हणाले. हौशा म्हणजे त्यांचा पठ्ठा, दारात उभा राहिला की आत अंधार व्हायचा. साहेबांनाही तेव्हा काम नव्हतं. हौशा माळाच्या उघड्या खडकावर उडाला, दहा पावलांवर कान होता. रेघ जराशी शहारली आणि थांबली.

तेवढ्यात गावचा शिंपी, अंगानं चिपाडासारखा, गंमत म्हणून खालच्या काळ्या रानात उडाला. तिथेही दहा पावलांवर कान. रेघ अशी डुलायला लागली की थांबेचना.

वस्तादांचा चेहरा पडला. "म्हशी आटल्या ह्याला दूध पाजून पाजून, आन शिंपी जिंकला?"

साहेब मात्र हरखले होते. मऊ जमिनीत हादरा सावकाश पोचतो, पण पोचला की मोठा होतो आणि पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो, हे त्यांनी वस्तादांना चवड्यांवर उभं राहून समजावलं. म्हणून भूकंपात खडकावरचं घर खडखडतं आणि मातीवरचं झुलतं. वस्तादांनी त्यातलं एवढंच घेतलं की हौशाला चुकीच्या जागी उडवला. मग हौशा काळ्या रानात उडाला आणि रेघ कागदाबाहेर गेली. तो कागद चौकटीत घालून तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली लावला होता. शिंप्याचा कागद त्यांनी मागून घेतला आणि पुन्हा कुणाला दाखवला नाही.

अशा मानापानामुळे मी चढत गेलो. खेड्यात गेलं की लोक विचारायचे, भुईच्या पोटातलं तुम्हाला दिसतं म्हणे? मी 'नाही' म्हणत नसे. आणि मग उन्हाळा लागता लागता आम्ही बोरमाळला गेलो.

बोरमाळ म्हणजे विट्याच्याही पुढे, पूर्वेच्या कोरड्या अंगाला. मेंढरं राखणारी माणसं, आता थोडीबहुत शेती करायला लागलेली. पिण्याचं पाणी दीड कोसावरून बायकांनी डोक्यावर आणायचं. तिथे तलावाला जागा मिळते का बघायला आम्हाला पाठवलं होतं. रेषा टाकली तर जवळच घणाचे आवाज. गाव विहीर खणत होतं. जागा दिली होती सोनाबाईंनी. त्यांचा नवरा पलटणीत हवालदार होता, तिकडे उत्तरेत कुठेतरी. दीर भांडत असताना या बाईनं आपल्या वावराचा कोपरा गावाला विहिरीसाठी दिला होता आणि घरटी एक माणूस कामावर येत होता. विहीर पाच परस गेली होती, परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. पाचही परस काळा खडक. खाली पहार घेऊन उतरणारा माणूस होता यल्लाप्पा. कानडी मुलखातून आलेला दगडफोड्या, जन्मभर विहिरीच खणलेला. सगळे त्याला यल्लूनाना म्हणायचे.

मी सोनाबाईंना म्हटलं, उद्या दिवसभर घण नको, सुरुंग नको.

"दोन मिंटं म्हणता आन दिस घालिवता," त्या म्हणाल्या. "तुमचा सुरुंग सरकारी, मग आमचा काय दिवाळीचा हाय?" मग जरा थांबून, "बरं, थांबतो. पर तुमच्या यंत्राला भुईच्या पोटातलं दिसतंय न्हवं? मग आमच्या हिरीखाली काय हाय त्ये सांगायचं."

मी साहेबांना न विचारताच हो म्हणून आलो. साहेब म्हणाले, "ननावरे, आपण तलावाची जागा बघायला आलोय, विहिरींचं भविष्य सांगायला नाही." पण शब्द दिलाय म्हटल्यावर त्यांनी विहिरीच्या कडेनं एक रेषा टाकली. कागद धुऊन बघितला. पहिल्या कानापासून बाराव्यापर्यंत हादरा एकसारखा सुसाट गेलेला. साहेब म्हणाले, "इथे कठीण खडक दिसतो. त्याखाली दुसरा थर दिसत नाही." एवढं बोलून ते लॉरीत गेले.

मी विहिरीच्या ढिगाऱ्यावर चढलो. खाली गाव जमलेलं. मी सांगितलं, "पाताळापर्यंत काळा पाषाण आहे. पहारी मोडतील, सुरुंग संपतील, पाणी लागायचं नाही. उगीच हाल करून घेऊ नका."

यल्लूनाना नुकताच दोरावरून वर आला होता. डोळ्यांतली धूळ पुसत म्हणाला, "इल्ला, न्हाई साहेब. खाली तांबडं हाय, मऊ, पानी धरणारं. आजवर पहार खणखण बोलत हुती, काल धरनं बदबद बोलतीया. काळं सपत आलं. दीड परस, लय झालं तर दोन."

"नाना," मी म्हटलं, "तुमची पहार जास्त शिकलीय की विलायतेतलं यंत्र?"

गाव हसलं. मीही हसलो. यल्लूनाना हसला नाही, रागावलाही नाही, त्यानं फक्त पहार उचलून खांद्यावर घेतली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

घरटी एक माणूस म्हणून येणारे लोक दमलेलेच होते. काम सोडायला त्यांना सरकारी कारण मिळालं आणि ते घरी गेले. गावात लिहिता येणारं कुणी नव्हतं, म्हणून सोनाबाईंनी मला नवऱ्याला पत्र लिहायला सांगितलं. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'विहिरीखाली पाणी नाही असे सरकारी यंत्राने पाहून सांगितले आहे. सबब काम बंद केले.' 'सबब' हा शब्द मी स्वतःच्या हौसेनं घातला होता. पत्र मीच विट्याला टपालात टाकलं.

वैशाखात आम्ही पाटणला होतो, कोयनेच्या खोऱ्यात. तिथे एका जागी कडा उभा तुटलेला आहे. पोटातले थर सुरीनं कापल्यासारखे दिसतात: काळा खडक, त्याखाली माणसाच्या उंचीचा गेरूसारखा तांबडा पट्टा, त्याखाली पुन्हा काळा. साहेबांना वाटलं, यंत्र तपासायला ही जागा चांगली, उत्तर समोरच लिहिलेलं आहे. कड्याच्या माथ्यावर रेषा टाकली. मी नेहमीप्रमाणे एक गुराखी आणि सतरा गाई थांबवल्या.

कागद आला. काळा खडक, सुसाट. तांबड्याचं नाव नाही.

साहेबांनी कागद बघितला, खाली वाकून कडा बघितला, चष्मा पुसून पुन्हा कागद बघितला. मग ते चक्क टाचा टेकून चालत माझ्याकडे आले. "ननावरे, तुमचा सायकलवाला," ते म्हणाले. "पक्की सडक वरच असली तर तो खालच्या चिखलात कशाला उतरेल? आणि उतरलेला हादरा वर बातमी आणतच नाही. खालचा काळाही वरच्याइतकाच कठीण, म्हणजे तोही लपला. पुस्तकात धरून चालतात की खाली जावं तसा खडक कठीण होत जातो. आपल्या मुलखात मऊ थर कठिणाच्या पोटात दडलेत. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे."

मग त्यांना आठवलं. "बोरमाळला मी 'दिसत नाही' म्हणालो होतो ना?"

"हो."

"आणि तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

मी सांगितलं. 'पाताळापर्यंत' हा शब्दही वगळला नाही. साहेब बराच वेळ गप्प होते. मी नोकरीत पुष्कळ शांतता घडवून आणल्या, पण इतकी कडक एकही नव्हती. शेवटी म्हणाले, "लेखी कळवू या?"

"साहेब, तिथे गेलेला वाचता येणारा शेवटचा माणूस मीच होतो."

"मग जा," साहेब म्हणाले.

पाटणहून कराड, कराडहून विटा, तिथून पायी. सरकारी माणूस चूक कबूल करायला जातोय अशी मला माहीत असलेली पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्याचा मसुदा कसा असतो हे ठाऊक नव्हतं. वाटेत मी बऱ्याच तऱ्हा जुळवून बघितल्या. 'यंत्रात सुधारणा झाली आहे' ही त्यांतली सगळ्यात चांगली वाटली.

बोरमाळच्या शिवेवर एक माणूस कडब्याचा भारा घेऊन येत होता. मला बघताच तो जागच्या जागी थबकला. पलीकडे मुसळ थांबलं. कुणीतरी कुत्र्याचं तोंड धरलं.

"चालू द्या, चालू द्या!" मी ओरडलो.

कुणी हललं नाही. माझ्या तोंडून निशाणाशिवाय असं वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी भारेवाल्यानं ओठ न हलवता विचारलं, "सुरुंग हाय का?" नाही म्हटल्यावर गाव पुन्हा सुरू झालं.

विहिरीच्या बाजूनं कालवा ऐकू येत होता. जाऊन बघतो तर तीस-चाळीस बायका, घागरी, कळश्या, दोरांची ओढाओढ. काळ्या ढिगाऱ्याच्या शेजारी नवा तांबडा ढिगारा. लिंबाखाली यल्लूनाना तंबाखू मळत बसला होता.

"आलासा?" सोनाबाई म्हणाल्या. "पानी प्या."

तांब्या पुढे केला तेव्हा त्यांचे हात दिसले. दोन्ही तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी गेल्यावर विहिरीवर तिघंच उरले होते: यल्लूनाना, त्याची बायको आणि सोनाबाई. नाना खाली फोडायचा, या दोघी दोरानं पाट्या वर ओढायच्या. गाव म्हणायचं, बाईला वेड लागलं. दीड परसावर पहार तांबड्यात रुतली आणि तिसऱ्या दिवशी झरे फुटले. घरटी एक माणूस राहिला असता तर पंधरा दिवसांचं काम होतं. तिघांना अख्खा उन्हाळा लागला आणि तो अख्खा उन्हाळा या तीस-चाळीस बायका दीड कोस चालत राहिल्या. तांब्यातलं पाणी गोड होतं, पण अर्धंच पिऊन मी तांब्या खाली ठेवला.

जुळवलेला मसुदा राहिला बाजूला. मी विचारलं, "तुम्ही माझ्यावर विश्वास का नाही ठेवलात?"

"तुमी ढिगावर चढून बोललासा," सोनाबाई म्हणाल्या. "नाना हिरीतनं वर येऊन बोलला. आन मला पानी खालचं पायजे हुतं."

यल्लूनानानं तंबाखू दाढेखाली ठेवली आणि सगळ्या बोलण्यात एकदाच तोंड उघडलं. "साहेबास्नी सांगा, यंत्राला एक पहार बांधा."

मी उठायला लागलो तशा सोनाबाई म्हणाल्या, "थांबा. माझं एक काम तुमी बिघडवून ठेवलंय. तुमचं पत्र मालकास्नी पोचलं. त्येंचं उत्तर आलं, टपालवाल्यानं वाचलं. सरकार सांगतंय पानी न्हाई, आन तू अजून खणतीयास असं भावानं विट्यासनं लिवून घिऊन कळिवलंय, तुला खूळ लागलंय. पलटणीत समद्यांस्नी ठावं झालंय, हवालदाराची बायको खुळी हाय म्हणून. पानी लागल्याव मी टपालवाल्याला म्हणलं, लिव. तर म्हणतो, सरकारी कागदाच्या इरुद्द मी लिवणार न्हाई, माझी नोकरी जाईल."

"मग?"

"मग काय? मालकांचा इस्वास तुमच्या अक्षरावर हाय. त्याच अक्षरात लिवा."

मी थैलीतून कागद काढला आणि मांडी घालून बसलो. काही बायकांनी दोर सोडले आणि भोवती कोंडाळं केलं. सोनाबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. विहिरीला पाणी लागलं. तांबड्यात लागलं. नानानं आधीच सांगितलं होतं. मागचं पत्र ज्यानं लिहिलं तो चुकला.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. मी लिहिलं, 'मागील पत्रातील मजकूर नजरचुकीने गेला असून...'

"वाचा बगू," सोनाबाई म्हणाल्या. मी वाचलं.

"नजरचूक कसली? नजर टाकलीसा कुठं तुमी हिरीत? खोडा त्ये. मी चुकलो, असं लिवा. आन खाली सही करा."

तोवरच्या नोकरीत माझ्या सहीनं एकही कागद कुठे गेला नव्हता. सह्या साहेबांच्या, मी फक्त नेऊन द्यायचो. मी 'सबब' वगैरे काही न घालता लिहिलं, 'मी चुकलो. तुमच्या पत्नी शहाण्या आहेत.' दुसरं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, ते मला मनापासून वाटलं म्हणून लिहिलं. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

"आता समद्यांस्नी वाचून दाखवा," सोनाबाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो. विहीर थांबली, दोर थांबले, कडेवरची पोरंही गप्प झाली. मला काही सांगावं लागलं नाही. मी पत्र वाचलं, शेवटपर्यंत, नावासकट.

मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "पुन्यांदा वाचा वो. मागं ऐकू आलं न्हाई."

तिला लख्ख ऐकू आलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी घसा साफ केला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं पुन्हा वाचलं.